सगळा हयच आसा

गाव म्हटला की पोलीस पाटील लागतो, गुरव लागतो, भांडण लावणारा एक आणि मिटवणारा एक असे दोन मानकरी लागतात. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे. मालवण तालुक्यात कुठल्याही गावात एसटीतून उतरा आणि "सातबारो खय मिळतलो?" एवढंच विचारा. विचारलेला माणूस हात वर करून जी दिशा दाखवील, त्या दिशेला भाऊ बसलेले असतात. दारावर 'आपले सरकार सेवा केंद्र' अशी पाटी असते, पण त्या नावाने कोणी केंद्र ओळखत नाही. सरकार आपलं आहे का, यावर गावात दोन मतं आहेत. भाऊ आपले आहेत, यावर एकच.

भाऊ हे कुणा एकाचं नाव समजू नये. कुठे त्यांना अण्णा म्हणत असतील, कुठे आबा. माणूस तोच: वय पंचावन्नच्या आसपास, खांद्यावर पंचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि कंबरेच्या करदोट्याला घराच्या किल्लीशेजारी बांधलेला पेनड्राइव्ह. भाऊंचा मूळ धंदा एसटीडी बूथचा. मग मोबाइल आला, बूथ मेला आणि भाऊंनी झेरॉक्सचं मशीन घेतलं. बूथमध्ये असताना गावाचं बोलणं कानावर पडलं, झेरॉक्सवर असताना गावाचे कागद नजरेखालून गेले. सरकारने २००६ साली गावोगाव सेवा केंद्रं काढायची योजना आखली, तेव्हा भाऊंचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं. फक्त मानधन मिळालं नव्हतं.

त्यांच्याआधी हे काम पोस्टमनकडे होतं. मुंबईच्या मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटत, तेव्हा कोणाच्या मुलाने किती पाठवले आणि कोणाच्या मुलाने यंदाही पाठवले नाहीत, हे आईच्या आधी पोस्टमनला कळायचं. पण पोस्टमनकडची माहिती संध्याकाळपर्यंत वाटून संपायची. भाऊंकडे ती साठते.

ती साठते कुठे, ते एकदा बघण्यासारखं आहे. भाऊंच्या संगणकाच्या पडद्यावर मूळ चित्र सिंधुदुर्ग किल्ल्याचं होतं. आता तटाचा कोपऱ्यातला एक तुकडा तेवढा दिसतो, बाकीच्या किल्ल्याला फोल्डरांनी वेढा घातलेला आहे. 'आंबेवाले', 'डिझेल परतावो', 'लाडकी बहीण', 'लाडकी बहीण अडकलेली', 'फोटो चांगले', 'फोटो चालतील', 'भाऊ-भाऊ बोलणत नाय' अशी त्यांची नावं. शेवटच्या फोल्डरात सामायिक सातबारे आहेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर जमीन वितीएवढी आणि नावं वरातीएवढी असतात. त्यातले अर्धे मुंबईला, काही कैलासवासी, उरलेले कोर्टात. हे तिघेही भाऊंनी वेगवेगळ्या रंगांत ठेवले आहेत.

फाईलला आडनाव देण्याची सोय नाही. अख्ख्या वाडीचं आडनाव एक आणि वाडीत पांडुरंग पाच. म्हणून 'पांडू रापणवालो', 'पांडू होमस्टे', 'पांडू आवस आचऱ्याची', 'पांडू डोळे मोठे' आणि 'पांडू उधारी' अशा फाईली आहेत. बाहेरच्या माणसाला यातून काही शोधता येणार नाही. भाऊ म्हणतात, हीच सुरक्षा.

"सगळा हयच आसा," असं म्हणून भाऊ सीपीयूच्या डब्यावर दोनदा थाप मारतात. समोरच्याला हायसं वाटतं. डबाही थापेसरशी जरा घरघरतो.

आता कोणी म्हणेल, माहिती काय सरकारकडेही आहे. आधारचा पहिला बारा आकडी क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून देशातल्या बहुतेक सगळ्यांना नंबर मिळाला. पण त्यातला कुठला कागद कुठल्या माणसाचा, हे सरकारला विचारून बघा. एक म्हातारी येते. शाळेच्या दाखल्यावर ती सुलोचना, कारण ते माहेरचं नाव. रेशनकार्डावर सुमन, कारण लग्नात नाव बदललं. बँकेत सुमती, कारण पासबुक लिहिणाऱ्याला घाई होती. सरकारच्या हिशेबी या तीन बाया. तिघींपैकी कुणाचे पंधराशे रुपये कुणाच्या खात्यात जावेत, यावर मंत्रालयापासून बँकेपर्यंत सगळं अडकून बसतं. भाऊ वर न बघता म्हणतात, "काकी, बस. तिघीवय हयच आसत."

जन्मतारखेचं प्रकरण त्याहून भारी. जुन्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना पोराची उंची पाहिली आणि तारीख १ जून लावून दिली. पुढे आधारवाल्यांना ज्यांचं फक्त सालच कळलं, त्यांना १ जानेवारी मिळाली. त्यामुळे गावातले साठीच्या वरचे बहुतेक लोक या दोनच दिवशी जन्मले आहेत. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात आणि भाऊ गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना मिळून एक केक पाठवतात.

भाऊ चहाडी करत नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. ते दुरुस्ती करतात. देवळात कोणी सहज म्हणालं, "माका आता बावन्न लागतली," की मागून आवाज येतो, "छप्पन. आधार बघलंय." यात त्यांचा काही स्वार्थ नसतो. चुकीची नोंद त्यांना ऐकवत नाही, एवढंच. सोयरिकीच्या बाबतीत मात्र भाऊ फार काटेकोर आहेत. मुलीचा बाप केंद्रात येऊन उगाच एक झेरॉक्स काढतो आणि विचारतो, "मुलाचा उत्पन्न आठ लाख सांगतत, खरा काय?" मुलाच्या बापाला नुकताच वार्षिक चाळीस हजारांचा उत्पन्नाचा दाखला भाऊंनीच काढून दिलेला असतो. भाऊ एक शब्द बोलत नाहीत. त्यांना फक्त खोकला येतो. त्या खोकल्यावर आजवर जितकी लग्नं मोडली आहेत, तितकी पत्रिकेने मोडली नसतील.

पासवर्डचं काय, असं मी एकदा विचारलं. भाऊंनी सगळ्या गावाला एकच पासवर्ड दिला आहे: ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे अॅट एक दोन तीन. तो शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी घाबरलो. भाऊ शांत. म्हणाले, "देवाच्या नावाचो पासवर्ड चोरतलो असो माणूस पंचक्रोशीत दाखव." मला दाखवता आला नाही. बँकेचे पासवर्ड तेवढे निराळे आहेत. त्यांची यादी 'डबलबारी भजन' या फोल्डरात, त्याच्या आत 'जुनी भजना', त्याच्या आत 'खराब आवाज' अशी ठेवली आहे. "१६६४ साली म्हाराजांनी किल्ल्याचो पायो घातलो," भाऊ सांगतात, "आणि दरवाजो असो लपवलो की जवळ जाईपर्यंत दिसाचो नाय. मी तरी वेगळा काय केलंय?"

या सगळ्या साठ्यात एक भोक आहे, ते म्हणजे ओटीपी. कोकणात घर गावात आणि सिमकार्ड मुंबईत असतं. आईचा आधार गावच्या पत्त्यावर, त्याला जोडलेला नंबर भांडुपच्या मुलाचा. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. तेवढ्या वेळात तो भांडुपला पोचून गावी परत यायचा असतो. भाऊ फोन लावतात.

"झिला, आवशीचो ओटीपी इलोहा, बेगीन सांग."

"काका, ओटीपी कोणाक सांगा नको म्हणान बँकेन सांगल्यान हा."

"अरे मेल्या, 'कोणाक' म्हणजे परक्याक! मी तुझ्या बारशाक जेवलंय!"

एकदा असाच एकाचा मुलगा गणपतीला गावी येत होता आणि ओटीपी नेमका तो करबुड्याच्या बोगद्यात असताना सुटला. कोकण रेल्वेचा तो सगळ्यांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. गाडी बाहेर आली तेव्हा ओटीपी वारला होता. पुन्हा मागवला, तर पुढचा बोगदा आला. अखेर मुलगा स्वतः कणकवलीला उतरून, रिक्षा करून, भाऊंच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "हो बघा," भाऊ म्हणाले, "असो ओटीपी व्हयो. चालत इलो."

ओटीपी नसेल तर बोटाचा ठसा. तिथेही कोकण आडवं येतं. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बायांची बोटं टरफलाच्या तेलाने भाजतात, चिरेखाणीवरच्या माणसांची घासतात, रापण ओढणाऱ्यांची दोराने कापतात. यंत्राला रेघ सापडत नाही आणि ते जिवंत माणसासमोर 'जुळत नाही' असं म्हणतं. यावर भाऊंचा इलाज म्हणजे टेबलाच्या खणात ठेवलेला मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा. आल्यावर चोळायचं, तासभर बाकावर बसायचं, गावाच्या बातम्या ऐकायच्या, मग बोट पुसून ठेवायचं. आपली बोटं सरकारला ओळखू यावीत म्हणून बाया कारखान्यात एक दिवसाचा खाडा करतात. भाऊ त्यांच्याकडून त्या दिवशी पैसे घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "यंत्राची चूक. बिल यंत्राक लावतलंय." आणि खरोखरच एका वहीत यंत्राच्या नावे उधारी मांडून ठेवली आहे.

एका गणपतीत भाऊंचा पुतण्या पुण्याहून आला. तो संगणक अभियंता. केंद्राचा पडदा बघून त्याने कपाळाला हात लावला. "काका, ही काय पद्धत झाली? लोकांचे पत्ते एकीकडे, तारखा दुसरीकडे, ईमेल तिसरीकडे. सगळं एका जागी, शिस्तीत हवं." बोटाचं यंत्र जोडलेल्या संगणकाला त्याने हात लावला नाही. झेरॉक्सच्या काळातला जुना संगणक माळ्यावर होता, तो खाली काढून त्यावर लिनक्स चढवलं आणि त्यावर केडीई नावाचा डेस्कटॉप. १९९६ साली जर्मनीत सुरू झालेला हा प्रकल्प, जगभरचे लोक मिळून चालवतात आणि फुकट देतात, हे ऐकून भाऊंना आधी संशय आला. मग पुतण्याने 'अकोनाडी' दाखवलं. ही डेस्कटॉपच्या पोटात, पडद्यामागे चालणारी एक सेवा आहे. तुमचे संपर्क, कॅलेंडर, पत्रं सगळं ती एका ठिकाणी धरून ठेवते. पत्त्यांचा प्रोग्राम असो की तारखांचा, कोणी मूळ जागी जायचं नाही. सगळ्यांनी तिलाच विचारायचं.

"मूळ खय रव्हता मगे?"

"मूळ कुठे सर्व्हरवर, कुठे फाईलमध्ये. हिच्याकडे त्याची प्रत असते. पण विचारायचं हिला."

भाऊंचा चेहरा उजळला. लोकांचे मूळ कागद घरी ट्रंकेत, प्रती भाऊंकडे, आणि विचारायचं भाऊंना. "म्हणजे मीच मरे!" ते म्हणाले.

गावातल्या सगळ्यांची नावं, नंबर, जन्मतारखा त्यात भरल्या गेल्या. अकोनाडीला एक हौस आहे. संपर्कात जन्मतारीख दिसली की ती उचलून कॅलेंडरात वाढदिवस मांडता येतो. पुतण्याने ती सोय चालू केली, वर आदल्या दिवशीचं स्मरणही लावलं आणि तो पुण्याला निघून गेला. १ जानेवारीवाले कसेबसे निभावले, महिने बरे गेले. ३१ मेच्या सकाळी भाऊंनी बटण दाबलं आणि पडद्यावर अर्धा गाव उगवला. एक खिडकी बंद केली की खालून दुसरी, तिच्याखाली तिसरी. पाच पांडुरंग तर रांगेत आले. पंखा गरगरला, उंदीर जागच्या जागी थिजला.

पुतण्याला फोन लागला. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. माहिती सुखरूप आहे. ती सेवा तेवढी अडकली, तिला बंद करून परत उठवू. काळी खिडकी उघडा." तेवढ्यात बोलता बोलता तो म्हणून गेला की अकोनाडी हे नाव घानामधल्या एका देवीचं आहे, लोक तिला प्रश्न विचारायचे आणि ती न्याय द्यायची. भाऊंनी फोन कानापासून दूर धरला. केंद्रात बसलेल्यांकडे बघितलं. "ऐकलास? देवीक इचारल्याशिवाय कामाक लावल्यानी. ती बसतली नाय तर काय करतली?"

जिथे भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौल घेतल्याशिवाय ठरत नाही, तिथे पुढचं वेगळं सांगायला नको. गावकार बोलावला. नारळ आला. जुन्या संगणकासमोर विडा ठेवून गाऱ्हाणं सुरू झालं: "बा देवी म्हाराजा, तू खयच्या मुलखातली, तुझी भाषा आमका येणा नाय, आमची तुका येता काय ठावक नाय. पोरान अजाणतेपणी तुका ह्या डब्यात बसवल्यान. चाकरमान्यांचे नंबर, म्हाताऱ्यांच्यो तारखो, जा काय तू पोटात घेतलंस, ता सुखरूप भायर काड म्हाराजा!" केंद्रातल्या सगळ्यांनी, दाखल्यासाठी आलेल्या परक्या माणसानेही, "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्याच क्षणी भाऊंच्या मुलीने, फोन खांद्यात धरून, पुतण्या सांगेल तसं 'अकोनाडीसीटीएल रिस्टार्ट' टाइप करून एंटर दाबलं. खिडक्या विझल्या. कॅलेंडर सरळ झालं. श्रेय कोणाचं, यावर गावात अजून दोन तट आहेत. भाऊ दोघांनाही हो म्हणतात आणि दर ३१ मेला, खबरदारी म्हणून, नारळ आणि कमांड दोन्ही वापरतात.

माहिती म्हणजे काय, याचा सगळ्यांत खोल विचार मात्र गावपळणीच्या वेळी झाला. आचरा, चिंदर, वायंगणी या भागात ठरावीक वर्षांनी देवाच्या हुकुमाने अख्खा गाव घर सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी तीन दिवस वेशीबाहेर राहुट्या मारून राहतात, आणि परत यायचं की नाही हेही कौलच ठरवतो. भाऊंचा गाव त्यातलाच. निघायच्या आदल्या रात्री भाऊंनी बैठकीत शंका काढली: "माणूस वेशीभायर गेलो आणि तेचो आधार, फोटो, बोटांचे ठसे गावातच रवले, तर गाव रिकामो झालो असा म्हणाचा काय?"

बैठक गप्प झाली. असा प्रश्न पूर्वजांना पडला नव्हता. एक म्हणाला, फोटो म्हणजे माणूस नव्हे. दुसऱ्याने विचारलं, मग बँकेत फोटो नसला तर माणसाला माणूस का मानत नाहीत? तासभर खल झाला. अखेर निर्णय झाला की सीपीयू न्यायचा आणि मॉनिटर ठेवायचा. "मॉनिटर म्हणजे नुसता तोंड," भाऊंनी खुलासा केला, "जीव डब्यात."

सीपीयू पोत्यात गुंडाळून, रिक्षात भाऊंच्या मांडीवर बसून वेशीबाहेर गेला. भाऊंची बायको मागून चालत आली. ती आजही ही गोष्ट सांगते, पण निराळ्या सुरात. झापांच्या राहुटीत वीज नव्हती, पण डबा पाटावर ठेवला होता आणि माणसं सवयीने येत होती. "भाऊनू, माझो हप्तो इलो काय?" भाऊ डब्यावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे: "तुझा केवायसी रवलाहा. खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक. बायकोच्या नावात वेलांटी चुकलीसा." डबा मुका, वायर गुंडाळलेली, आणि उत्तरं बरोबर. लोकांना वाटलं, भाऊंचा संगणक विजेशिवाय चालतो.

हे सगळं सुरळीत चाललं असताना गावात एक निवृत्त चाकरमानी कायमचा राहायला आला. पेपर वाचणारा, कात्रणं ठेवणारा. त्याने केंद्रात येऊन सर्वांसमोर सांगितलं की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. माहिती ठेवायची तर माणसाची संमती हवी, आणि माणूस म्हणाला की पुसली पाहिजे. "भाऊ, माझी माहिती काढून टाका."

केंद्रात शांतता पसरली. भाऊंना इतकं कोणी कधी बोललं नव्हतं. पण माणूस नियमाचा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी संमतीचा अर्ज छापला आणि गावाला वाटला. एका म्हातारीने अंगठा उठवण्याआधी विचारलं, "हो कित्याक?" भाऊ म्हणाले, "तुझी म्हायती मी ठेवूची काय, ता सांगूक." म्हातारी भडकली: "तू नको तर कोण ठेवतलो? माझ्या सुनेक देतंस?" गावाने मुकाट्याने अंगठे उठवले. ते सगळे अर्ज स्कॅन होऊन त्याच संगणकावर 'संमती' नावाच्या फोल्डरात गेले. आणि त्या गृहस्थाची फाईल भाऊंनी चारचौघांच्या साक्षीने पुसली. रीसायकल बिनसुद्धा रिकामी करून, उलटी करून दाखवल्यासारखा हात केला.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं असतं. २०१४ पासून हा हयातीचा दाखला बोट लावून ऑनलाइन देता येतो. गृहस्थ केंद्रात आले. पेन्शनच्या आदेशाचा नंबर? तो कागद मुंबईच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सुनेकडे. खात्याचा नंबर? पासबुक शोधायचं होतं. आधारला जोडलेला मोबाइल कुठला, जुना की नवा? गृहस्थ छताकडे बघू लागले.

भाऊंनी खुर्ची मागे टेकवली. डोळे मिटले. पेन्शनचा नंबर सांगितला, खात्याचा सांगितला, मोबाइल जुनाच आणि सिम लहान मुलाकडे हे सांगितलं, आणि न विचारता पत्नीचं माहेरचं नावही सांगितलं. गृहस्थ लिहून घेता घेता थांबले.

"भाऊ, ही माहिती तुम्ही पुसली होती ना?"

"कॉम्प्युटरातली पुसलंय. तुमच्यासमोरच पुसलंय," भाऊ म्हणाले. "डोक्यातली खयच्या बटनान जाता, ता तुमच्या कायद्यात बघा आणि माका सांगा, लगेच दाबतंय. तवसर बोट लावा. तुमी जिवंत आसात, ता सरकाराक कळवूचा आसा."